शब्दांची आडनावं

इंग्रजीतल्या एकाही शब्दाच्या शेवटापर्यंत न पोचता अख्खी भाषा पार केलेला माणूस जगात एकच असणार, आणि तो लखनौच्या तेलीबागेत, आमच्या बरोबर डोक्यावर राहतो. म्हणजे आम्ही तळमजल्यावर भाड्यानं, हे काका वरच्या मजल्यावर आणि त्यांच्यावर गच्ची. मूळचे अमरावतीचे. मानक नगरात रेल्वेच्या एका कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये त्यांची अख्खी नोकरी झाली. काम एवढंच, की फायलीच्या पाठीवरची पहिली दोन-तीन अक्षरं वाचायची आणि त्या अक्षरांच्या खणात ती सरकवायची. फाइल उघडून आत बघायचं त्यांना कारण नव्हतं आणि, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, बघून कुणाचं भलंही झालेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी किल्ल्या परत केल्या, पण ते खण मात्र डोक्यात घालून घरी आणले. मी बँकेच्या बदलीनं सांगलीहून इथं आले तेव्हा वरच्या मजल्यावर मराठी माणसं आहेत म्हटल्यावर मला कोण आनंद झाला होता. तो पहिल्या चहापर्यंत टिकला.

त्या चहाला त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग माहेरचं आडनाव, आणि त्यावरून माझा स्वभाव मलाच समजावून सांगितला. तो बराचसा चुकला होता. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "माणसाचं आडनाव मागं असते पोरी, शब्दाचं पुढं असते. सरकारी फॉर्मसारखं. पहिली अक्षरं म्हणजे आडनाव. आडनाव कळलं की घराणं कळलं, घराणं कळलं की अर्थ कळला. मग डिक्शनरी काहून पाहाची?" आणि त्यांनी मला दोन घराणी दाखवली. एक 'बेने' घराणं. बेनिफिट, बेनेफॅक्टर, बेनेव्होलंट, सगळी माणसं दानशूर, या घरात डोळे झाकून मुलगी द्यावी. दुसरं 'मॅल' घराणं. मॅलिस, मॅलप्रॅक्टिस, मॅलन्यूट्रिशन, एकाहून एक नतद्रष्ट, यांच्या ओसरीलाही जाऊ नये. मी खोडसाळपणे विचारलं, "आणि मॅलेट? ती तर साधी लाकडी मोगरी. तिनं कुणाचं काय वाईट केलं?" काकांनी बशी खाली ठेवली. "डोक्यात बसली की कळंल," ते म्हणाले.

थंडीत त्यांच्या गच्चीवर उन्हाला शिकवणी भरते. आसपास खोल्या घेऊन राहिलेली, बँकेच्या आणि सरकारी परीक्षांना बसणारी मुलंमुली येतात. फी नाही. मोबाइलमध्ये सगळ्यांकडे शब्द शिकवणारी ॲपं आहेत, तरी येतात. येताना कुणी मूगफली आणतं, कुणी अमरूद. काका बाजेवर बसून एकेका दिवशी एकेक घराणं काढतात. 'ग्ल'चा दिवस असला की ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिंट, सगळं घर लखलखतं. एका मुलीनं विचारलं, "अंकल, ग्लूमी?" काका क्षणभरही अडले नाहीत. "घर तो उसी गली में है बेटा, बस आज बत्ती गुल है." लखनौच्या पोरांना याहून वेगळा खुलासा लागत नाही. 'स्न'चं घराणं सगळं नाकाचं. स्नीझ, स्निफ, स्नोअर, स्नॉर्ट. "और स्नो?" "उससे नाक बहती है." "और स्नेक?" यावर मात्र काकांनी आधी एक मूगफली सोलली आणि मग म्हणाले, "उसको नाक नहीं दी, इसीलिए घर से निकला हुआ है. सब को काटता फिरता है."

हे सगळं ऐकताना इतकं पटतं की विचारू नका. घोटाळा परीक्षेत होतो. त्यातल्याच एका मुलानं एकदा जिन्यात डोकं धरून मला सांगितलं, "आंटी, अंकल पढ़ाते हैं तो सब समझ में आता है. पेपर में जाओ तो चारों ऑप्शन एक ही खानदान के निकलते हैं. किसको पराया कहें?" आमची मुलगी महिनाभर वर जाऊन आली. तिला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. एक दिवस शब्दांच्या चाचणीचा कागद माझ्यापुढे ठेवून ती शांतपणे म्हणाली, "मम्मी, मुझे पहले आता था." मी कागद घेऊन तावातावानं वर गेले. तिनं 'हॉस्टाइल' म्हणजे 'पाहुणचार करणारा' असं लिहिलं होतं. काकांनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पोरगी घाई करते. कथा पुरी ऐकत नाही. होस्टकडं गेलो. त्यानं हॉस्पिटॅलिटी केली. आपण मुक्काम लांबवला. होस्ट झाला हॉस्टाइल. तरी आपण हललो नाही, मग आपण होस्टेज. पुढं मारामारी आणि शेवटी हॉस्पिटल. एकच घर आहे, पाहुणा किती दिवस राहिला त्यावर अर्थ." मी भांडायला गेले होते आणि मान डोलवत खाली आले. जिन्यात मला कळलं की मलाही आता यातला कुठला शब्द कुठं संपतो ते सांगता येईना. त्याच आठवड्यात बँकेच्या बैठकीत मी उभी राहून सगळ्या साहेबांसमोर 'इम्पॉर्टंट'च्या जागी म्हणाले, की मला एक इम्पर्टिनंट मुद्दा मांडायचा आहे. मुद्दा खरोखरच उद्धट होता, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

या सगळ्यात शुद्धीवर असलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे काकू. काकांचं सगळं बोलणं काकूंच्या बोलण्यातल्या फटींमध्ये व्हायचं. त्या सकाळी भाजीवाल्यापासून सुरू करायच्या. "भैया, ये मेथी जून है, निबर हो गयी है." तो म्हणायचा, "माताजी, जून कहाँ, जनवरी चल रही है." आणि मग दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभं राहून आपापल्या भाषेत इतका वेळ भांडायची, की शेवटी तो कोथिंबिरीची जुडी वर टाकूनच सुटायचा. गच्चीवरच्या मुलांना काकू रोज काहीतरी खायला करायच्या, आणि मला दाट संशय आहे की ॲपं सोडून मुलं वर यायची ती त्या थालीपिठांसाठी. काकांच्या विद्येबद्दल काकूंचं मत ठरलेलं होतं. "तुझे काका शब्दाला दारापर्यंत सोडतात आणि आत कोण राहतं ते विसरतात," त्या म्हणायच्या. काका हसायचे. काकूंच्या बडबडीला ते वैतागतात असं मला वाटायचं. तसं नव्हतं हे नंतर कळलं.

मागच्या थंडीत एका सकाळी काकूंच्या हातातून उलथनं पडलं, आणि ते उचलायला त्या वाकल्याच नाहीत. आम्ही त्यांना रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. काका बाहेरच्या बाकावर बसून होते. समोर भिंतीवर इंग्रजीत पाट्याच पाट्या होत्या, आणि त्यांनी त्यातल्या एकाही शब्दाचं घराणं सांगितलं नाही. त्या गप्प माणसाकडे बघून मला जी भीती वाटली ती डॉक्टरांच्या तोंडून अर्धांगवायू हा शब्द ऐकूनही वाटली नव्हती. पुण्याहून मुलगा आला, राहिला, आईला घेऊन जातो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात प्रवास नको. मग तो रोज फोन करीन म्हणून गेला.

काकू घरी आल्या तेव्हा हात हलत होता, काठी घेऊन पाय चालत होता. शब्द मात्र वाट चुकले होते. मनात एक आणि ओठावर दुसरंच. "पाणी" म्हणायला जायच्या आणि "पाळणा" म्हणायच्या. आपण चुकलो हे त्यांना कळायचं, तेच वाईट होतं. फोनवर मुलगा प्रेमानंच चूक सुधारायचा, "आई, पाळणा नाही, पाणी," आणि काकू फोन काकांच्या हातात द्यायच्या. हळूहळू त्या बोलेनाशाच झाल्या. बोट दाखवायच्या, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. भाजीवाला खालून "माताजी, मेथी" म्हणून हाक मारायचा आणि पुढे जायचा.

बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची. तिनं काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "अंकल, माताजी को बोलते रहना है, गलत ही सही. चुप हो गईं तो शब्द लौटेंगे नहीं. और पूरा शब्द मत बताइए. बस शुरू की आवाज़ दीजिए, आगे उनको खुद पहुँचने दीजिए." मी तिथंच होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात जे एकच काम त्यांना येत होतं ते कुणीतरी औषध म्हणून लिहून दिलं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तरी माझा विश्वास नव्हता. एक दिवस मी काकूंजवळ बसले होते. बाहेर धुकं, आणि काकू कितीतरी दिवसांनी आपणहून बोलल्या. "कात्री." मी धावत जाऊन कात्री आणली. त्यांनी मान हलवली. "कात्री," त्या पुन्हा म्हणाल्या. मी दुसरी, मोठी कात्री आणली. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात काका आत आले आणि बाजेच्या कडेवर टेकले. "'का'चं घर आहे होय," ते म्हणाले, "चला, दार वाजवून पाहू. काठी? काकडी? काढा? कांबळं?" 'कांबळं'ला काकू थोड्या थबकल्या. "जवळ आलो. कानटोपी?" काकूंनी डोळे मिटून मान डोलवली. काकांनी खुंटीवरची कानटोपी काढून त्यांच्या डोक्यात घातली, कान नीट झाकले, आणि वर म्हणाले, "कात्री काही चूक नाही. शेजारीच राहते." मी दोन्ही कात्र्या हातात धरून मूर्खासारखी उभी होते.

त्या दिवसापासून काकू पुन्हा बोलायला लागल्या. चुकीचं, पण भरपूर. मला, माझ्या मुलीला, त्यांच्या मुलाला, कुणालाच ते कळायचं नाही, काकांना कळायचं. वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात एका अक्षराचे सगळे शब्द एकाच खणात पडलेले होते, आणि आता काकूंच्याही डोक्यात तेच झालं होतं. त्यामुळे सगळ्या तेलीबागेत ती दोघंच एकमेकांशी सुरळीत बोलत होती. काकू भाजीवाल्याला वरून "मेणबत्ती" मागायच्या, काका खाली येऊन मेथी घ्यायचे. भाजीवाला बिचारा गोंधळून गेला होता, पण जुडी अजून वर टाकायचा.

फक्त एक शब्द काही केल्या जमत नव्हता. लग्न झाल्यापासून काकूंनी नवऱ्याला 'अहो' याखेरीज दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती, आणि तेवढंच त्यांना म्हणता येईना. त्या 'अळू' म्हणायच्या. कधी 'अडकित्ता', कधी 'अबोली', एकदा रागानं 'अमावास्या'. काका जिथं असतील तिथून, गच्चीवरून, मोरीतून, मुलांना 'ग्ल' शिकवता शिकवता, "ओ" देऊन येऊन उभे राहायचे. त्यांनी काकूंना एकदाही सुधारलं नाही. समोरच्या घरातल्या बाईंनी मला गेटपाशी गाठून हळूच विचारलं, "भाभीजी, अंकल का असली नाम क्या है? हम तो अडकित्ता समझ रहे थे." मी म्हटलं, तेही चालतं.

परवाच्या रविवारी मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. काकू उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या आणि काका नळाखाली तुळशीची झारी भरत होते. काकू म्हणाल्या, "अहो."

"ओ," काका म्हणाले आणि झारी ठेवून आले. समोर उभे राहिले. "बोल. अहो? 'अ'चं घर." ते विचारात पडले. "अळीव? अडुळसा? अंग दुखते का? अमरूद पाहिजे?" काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अहो," त्या पुन्हा म्हणाल्या, स्पष्ट. काकांचा पुरता गोंधळ उडाला. आजवर कुठलाही शब्द त्यांना असा अडला नव्हता. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हे 'अहो' म्हणजे तिला काय पाहिजे असंल?"

"काका," मी म्हटलं, "तुम्हालाच हाक मारताहेत."

नळ तसाच वाहत होता, तो मीच जाऊन बंद केला. मग काका काकूंच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसले. "काहून?" त्यांनी विचारलं. काकूंनी मान हलवली. काही नको होतं. नुसतीच हाक मारून पाहिली होती.

"पुन्हा म्हण बरं एकदा," काका म्हणाले.

काकूंनी तोंड उघडलं, जरा थांबल्या, आणि मोठ्या आशेनं म्हणाल्या, "अळू."

"ओ," काका म्हणाले.