अकोल्याहून आलेले टायर

माझा स्वभाव पहिल्यापासूनच संशयी. दूधवाला जरा जास्त हसला, तर मी दुधात बोट बुडवून पाहतो. घरचे वैतागायचे. पण साठ सालाच्या आगेमागे मी अमरावतीच्या एका मालकाचा ट्रक मेळघाटात चालवत होतो, आणि त्या कामात हा स्वभाव कमी व्हायचं काही कारण नव्हतं.

परतवाडा मागे पडून घाट लागला, की पुढं धारणीपर्यंत रस्ता म्हणजे नुसते टोकदार दगड. जाताना मीठ, रॉकेल, धान्य, येताना बांबू. तिथं टायर झिजून मरत नाही, कापला जाऊन मरतो. म्हणून टायर घेताना मी नक्षीआधी त्याची बाजू पाहायचो. बाजू जाड हवी, अंगठ्यानं सहज दबायला नको. नक्षीच्या फटी फार रुंद नकोत, कारण रुंद फटीत दगड रुतून बसतो आणि चाक फिरता फिरता आत भोक पाडतो. आणि पुढचे दोन टायर कोरेच हवेत. मागं जोडीची चाकं असतात, एक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. पुढचा टायर उतारावर फुटला की स्टिअरिंग हातात राहत नाही. माझ्या ओळखीचा एक ड्रायव्हर असाच दरीत गेला. त्याची बायको पुढं बाजारात भाजी घेऊन बसायची. मी तिच्यासमोरून जायचं टाळायचो.

टायर घ्यायला मालक दर वेळी मला अकोल्याला सोबत न्यायचा. त्या वर्षी एकटाच गेला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सकाळी कामावर आलो, तर पुढचे टायर बसवूनही झालेले, आणि मालकानं माझ्यासाठी चहा सांगून ठेवलेला. इतक्या वर्षांत या माणसानं मला पाणीसुद्धा स्वतःहून विचारलं नव्हतं.

चहा प्यालो आणि टायरजवळ उकिडवा बसलो. रबर काळंभोर, नक्षी खोल, वासही नव्याचा. फारच काळं वाटलं. रॉकेलच्या बोळ्यानं टायरची बाजू पुसली, तर बोळा काळा झाला आणि खाली बारीक बारीक चिरा दिसल्या, म्हाताऱ्याच्या हातावर असतात तशा. जुन्या टायरवर नवं रबर चढवून देतात, त्याला आम्ही रिसोल म्हणायचो. सपाट रस्त्यावर तो चालून जातो. दगडांवर तापला की वरचं रबर सोलून निघतं.

"मालक, हे रिसोल दिसून राहिले."

"कंपनीचं पॉलिश हाय ते. तुले तं सोन्यातही पितळच दिसते."

"मंग या खेपेले तुमी चला ना संगं."

"माहा गुडघा दुखून राहिला," मालक म्हणाला आणि दोन्ही गुडघे वाकवून खाली बसत नारळ फोडायला लागला.

मला मनस्वी चीड आली. पण नाही म्हटलं असतं तर दुपारी दुसरा ड्रायव्हर उभा राहिला असता. मी वर चढलो, इंजिन चालू केलं.

तेवढ्यात मालकाची बायको पिशवी घेऊन आली. तिची बहीण धारणीला बाळंत झाली होती, आणि गाडी निघतेय हे तिला आत्ताच कळलं होतं. ती पलीकडून चढून माझ्या शेजारी बसलीसुद्धा.

मालक धावत आला. त्यानं पिशवीच धरली. "उतर. एस्टीनं जाय."

"काहून? घरची गाडी हाय ना?"

"नवे टायर हायेत. एक खेप होऊ दे."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत होतो, पण माझे कान तापले होते.

"मले उतरवता," ती म्हणाली, "अन् या भाऊले पाठवता?"

मालकानं पिशवी सोडली. ती म्हणाली, "टायर बदला. नाई तं मी याच गाडीत बसून जातो."

गाडी त्या दिवशी निघाली नाही. टायर उतरवले, तेव्हा त्यांच्या कडेवर जुन्या रिमचा गंज होता. दुसऱ्या दिवशी अकोल्याला मीच निवड केली. मालक दुकानाबाहेर उभा राहिला, आत आलाच नाही.

त्यानंतर ती माझ्यासोबत धारणीला निघाली. घाटाच्या पहिल्या उतारावर मी गाडी हळू घेतली. टायर कोरे होते, माझ्या हातानं दाबून पाहिलेले, तरी माझे कान पुढच्या चाकांकडेच होते.

मग ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुमाले तं कळलं होतं. मी आली नसती तं तुमी गेले असते का?"

इतका संशयी माणूस मी. मालकावर संशय, टायरवर संशय, चहावर संशय. एवढ्या एकाच गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

"गेलो असतो, वयनी," मी म्हणालो.

तिनं पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे वळली.