टिल्लूनं काय खाल्लं होतं

गुरुपादप्पा मूळचे निलंग्याकडचे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि निवृत्तीआधीची अकरा वर्षं लातूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडं होतं. गाडी उशिरा असेल तर ते उशिरा आहे म्हणूनच सांगायचे. "आत्ता येतीच" असं सांगून माणसाला ताटकळत ठेवायची त्यांना सवय नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. बायको गेल्यावर ते नांदेडला विष्णुपुरीत, दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहायला आले.

शेजारी धम्मप्रिया राहायची. एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तिचे वडील संघपाल शाळामास्तर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. शीळ मात्र घालता यायची. धम्मप्रियानं त्यांच्यासाठी कॉकाटील जातीचा एक लहान पोपट आणला. करडं अंग, पिवळा तुरा, गालावर नारंगी ठिपका. नाव टिल्लू. मास्तरांनी शीळ घातली की टिल्लू तीच शीळ परत घालायचा, आणि मग शेवट बदलून मास्तरांकडं बघत बसायचा. सकाळभर दोघांचं हे चालायचं.

डिसेंबरात मावसभावाच्या लग्नासाठी बापलेक दोन दिवस लातूरला निघाले. पिंजरा गुरुपादप्पांकडं आला. "काका, राळे आणि बाजरी डब्यात हाय. पाणी दोनदा बदला. दुसरं काही देऊ नका बरं," धम्मप्रियानं बजावलं.

गुरुपादप्पांना साखरेचा आजार. पुण्याच्या लेकीनं, सुकन्यानं, त्यांच्यासाठी काळं, कडवट चॉकलेट पाठवलं होतं. त्यात साखर कमी असते म्हणून. शनिवारी सकाळी ते खात बसले असताना टिल्लू तारेला चोच लावून ओरडू लागला. "लई आशा लागली का रे?" म्हणत त्यांनी नखाएवढा तुकडा आत सरकवला. टिल्लूनं तो कुरतडून संपवला. संध्याकाळी आणखी एक दिला. त्यानं शीळ घातली तेव्हा गुरुपादप्पांना वाटलं, पाखरू आपल्यालाही ओळखायला लागलं.

रविवारी सकाळी टिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी होता. ओकारी डोक्याच्या पिसांना चिकटलेली, विष्ठा काळपट, पंख थरथरत होते. गुरुपादप्पांनी पिंजरा ऑटोत घातला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडं नेला.

"काय खाल्लं यानं?" डॉक्टरांनी विचारलं. "चॉकलेट, चहा, मीठ असलं काही? पाखरांना चॉकलेट म्हणजे विष असतं. एवढ्याशा जिवाचं काळीज पेलत नाही ते."

विष हा शब्द कानावर पडला तसं गुरुपादप्पांनी आजूबाजूला पाहिलं. समोर बाकावर चार माणसं बसलेली. "राळे," ते म्हणाले. "बाजरी. बाकी काही न्हाई."

डॉक्टरांनी ऊब दिली, थेंबथेंब औषध दिलं. पुन्हा एकदा विचारलं, "नक्की ना? कळलं तर गळ्याच्या थैलीतलं धुऊन तरी काढता येईल."

"नक्की."

दुपारी एकच्या सुमारास टिल्लूला झटके आले आणि तो गेला.

सोमवारी बापलेक परतले. मास्तरांनी रिकामा पिंजरा पाहिला आणि शीळ घातली. मग थोडं थांबून पुन्हा घातली. पोटात काहीतरी विषारी गेलं असावं असं डॉक्टर म्हणाले, एवढंच गुरुपादप्पांनी सांगितलं. धम्मप्रियानं डोळे पुसले, राळ्याचा डबा उचलला आणि तडक शिवमूर्तीच्या दुकानी गेली. दाणे त्याच्याकडचेच होते. गुरुपादप्पा तिच्या मागोमाग गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"औषध फवारलेला माल विकून राहिलात का हो?" ती गिऱ्हाइकांसमोर ओरडली. शिवमूर्ती हात जोडून म्हणत होता, "ताई, माझ्या घरचे लव्हबर्ड हेच खातेत." तिनं मागं वळून विचारलं, "काका, तुम्हीच सांगा. दुसरं काही खाल्लं का त्यानं?"

"न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले.

शिवमूर्तीनं राळ्याचं पोतं दुकानामागच्या मोकळ्या जागेत ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पा तिथून चालले होते. चिमण्या, साळुंक्या, पारव्यांचा थवा त्या ढिगावर तुटून पडला होता. तिसऱ्या दिवशीही तोच थवा होता. एकाही पाखराला काही झालं नव्हतं. शिवमूर्ती मागच्या दारात उभा राहून ते बघत होता. गुरुपादप्पांना बघून तो आत गेला.

गुरुपादप्पा तसेच मास्तरांच्या घरी गेले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "माय, टिल्लूला मी चॉकलेट दिलं. दोनदा. डॉक्टरांपुढं खोटं बोललो, दुकानात तुझ्यापुढंही."

धम्मप्रियानं रिकाम्या पिंजऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "चॉकलेटचं तुम्हाला माहीत नव्हतं, काका. ते मी सोडून देईन. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो जिवंत होता की."

मास्तर सगळं ऐकत होते. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग धम्मप्रिया आणि गुरुपादप्पा मिळून दुकानात गेले. तिनं शिवमूर्तीची माफी मागितली. गुरुपादप्पांनी गिऱ्हाइकांसमोर सगळं सांगितलं. दाणे चांगले होते, चूक माझी, खोटंही माझंच. आवाज गाड्या पुकारताना लागायचा तसा खणखणीत लागला नाही. एका बाईनं "काय म्हणले?" असं विचारलं, तेव्हा त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. शिवमूर्ती एवढंच म्हणाला, "तीन दिवस दुकानात कुणी डोळ्याला डोळा देत नव्हतं, अप्पा."

उन्हाळ्यात मास्तरांकडं नवा पक्षी आला. गुरुपादप्पा आता रोज सकाळी तासभर तिथं बसतात, मास्तरांना पेपर वाचून दाखवतात. धम्मप्रिया चहा देते. पहिल्या दिवशी ते खुर्ची ओढून पिंजऱ्याजवळ बसायला गेले, तेव्हा मास्तरांनी चांगल्या असलेल्या डाव्या हातानं पिंजरा हळूच आपल्याकडं ओढून घेतला. त्यात राग नव्हता. गुरुपादप्पांनी खुर्ची मागं सरकवली, दाराजवळ नेली आणि तिथूनच वाचायला सुरुवात केली.