काळ्या कोटाची निळी काजं

शिंप्याच्या दुकानात सगळे शिवायचे, ही एकटी उसवायची. बावीस वर्षं. कोणाचं पोट सुटलं, कोण आजारपणात वाळलं, की कपडा आधी हिच्या मांडीवर यायचा. कापड न दुखावता जुना टाका काढायचा, हे तिचं काम. दुकानात तिला उसवणबाईच म्हणत. "आमच्या सूनबाईंनी जन्मभर उसवलंच," असं सासू चारचौघांत म्हणाली, की ही म्हणे, "उसवल्याशिवाय नीट होतं का काही, आत्या?"

तिच्या शेजारी काजवाली बसायची. बटणांची काजं ती हातानं अशी करायची, की गिऱ्हाईक कोट उलटा करून बघे. दोघींचा डबा एक आणि भांडण रोजचं. दोन वर्षांपूर्वी काजवालीची नजर अधू झाली. औषधानं आहे तेवढी टिकेल, वाढायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. टाका तिच्या बोटांना पाठ होता, पण सुईचं नेढं काही सापडेना. तेव्हापासून उसवणबाई सकाळी अर्धा तास आधी येऊन तीस सुया ओवायची आणि तिच्या उशीत टोचून ठेवायची. मालकाला पत्ता नव्हता.

"आंधळे, आज चाळीस ओवल्यात."

"उपकार नाही केलेस. डब्यातला मोठा वाटा तूच हाणतेस."

असं बरं चाललं होतं. मग वकिलांचा काळा कोट आला. न्यायला आले तेव्हा त्यांनी तो दारातल्या उजेडात धरला. सातही काजं गडद निळी.

मालकाचा आवाज चढला. "काळं-निळं कळत नसेल तर घरी बस. उद्यापासून येऊ नकोस."

काजवालीनं बोटातली टोपी काढून मेजावर ठेवली. काल सकाळी वीज गेली होती. अर्धवट उजेडात रीळ उसवणबाईनंच उचललं होतं. तिनं तोंड उघडलं, तसा काजवालीनं मेजाखालून चिमटा काढला. "गप बस. तुझं तरी राहू दे."

उसवणबाई उभी राहिली.

"मालक, दोरा मी ओवलाय. दोन वर्षं मीच ओवते. हिला नेढं दिसत नाही."

इस्त्रीवाल्या काकांची इस्त्री हवेतच राहिली.

"म्हणजे दोघींनी मिळून मला फसवलं?"

"कसलं फसवलं? दोन वर्षांत हिचं एक काज उसवून माझ्याकडे आलं असेल तर दाखवा. वकीलसाहेब, रंग राहू द्या, बोट फिरवून बघा."

वकिलांनी बोट फिरवलं. "काम चोख आहे. पण निळं आहे."

"आहे ना. चूक माझी. आत्ता उसवते, ही पुन्हा करेल. संध्याकाळी न्या."

"आणि मी हिला ठेवलं नाही तर?" मालकानं विचारलं.

"मग मीही जाते. गिऱ्हाईकांची पोटं सुटली की तुम्ही बसा उसवत."

काकांना नको तेव्हा खोकला आला.

"धमकी देतेस?"

"हो."

"सहाला कोट तयार नसला, तर दोघींना नारळ," मालक म्हणाला आणि माप घ्यायला वळला.

उसवणबाईनं दारातला कोट घातलेला पुतळा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि त्या जागी दोघींचं मेज ओढून आणलं. आता लपून ओवायचं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तिनं रीळ उजेडात धरलं, दोनदा पारखलं, मग सुईत दोरा घातला.

"कोणाला विचारून बोललीस गं?" काजवाली पुटपुटली.

"तू कोणाला विचारून गप्प बसलीस?"

पावणेसहाला काजवालीनं स्वतः कोट मालकापुढे ठेवला. "उद्यापासून आम्ही दारातच बसणार. आत दिसत नाही." मालकानं सातही काजं उलटीसुलटी करून बघितली. मग तो मेजाकडे बघून कुरकुरला, "दार पुरतं उघडत नाही यामुळे."

"मग अर्धंच उघडा," उसवणबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीच्या सुया ओवायला बसली.