मास्टरांचा कान

नवीन विद्यार्थी आला की मास्टर त्याला स्टुलावर बसवायचे आणि खिशातून चिकटपट्टी काढायचे. दातांनी तुकडा तोडून तो कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटनावर लावायचे आणि अंगठ्याने नीट दाबायचे. ते बटन दाबलं की बोटं सोप्या पट्ट्यांवरच फिरतात आणि आवाज मात्र गायकाला हव्या त्या स्केलमध्ये निघतो. ऑर्केस्ट्रातले निम्मे वादक त्याच बटनावर जन्म काढतात. मास्टर म्हणायचे, "बटनाने स्केल बदलते. हात तोच राहतो."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, फक्त लक्षात राहिला नसेल. हळदीचा कार्यक्रम असतो, गायक पुढे नाचत असतो, ऑक्टापॅडवाला घामाने भिजलेला असतो. डाव्या कोपऱ्यात मोठ्या स्पीकरला खेटून, एकावर एक दोन कीबोर्ड मांडून, एक सडपातळ गृहस्थ मान किंचित कलती ठेवून वाजवत असतो. लग्नाच्या व्हिडिओत तो कधीच येत नाही. त्याच्या जागी केटररचा माणूस येतो. जळगाव, पाचोरा, अमळनेर, धुळे, अशी तीस वर्षं मास्टरांनी त्या कोपऱ्यात काढली.

मी त्यांना ओळखायला लागले ती शेजारामुळे. जळगावात बसस्टँडच्या मागे माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि पलीकडच्या खोलीत संध्याकाळी त्यांची कीबोर्डची शिकवणी. माझे वडील केळीच्या गाड्या भरायचे, आई अंगठा लावायची. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी.ची. ती मी फ्रेम करून क्लासच्या दारासमोरच लावली होती, आत येणाऱ्याला आधी तीच दिसावी म्हणून. मास्टर नववीत शाळा सोडलेले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला "मॅडम" म्हणायचे. मी दोनदा नको म्हणाले. ते म्हणाले, "फ्रेमला मान द्यावा लागतो." त्यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

आमचा सौदा असा ठरला, की मी त्यांना सॉफ्टवेअर शिकवायचं, त्यांनी मला कीबोर्ड. दोघंही बेताचेच विद्यार्थी निघालो. माउस धरताना ते करंगळी वर ठेवायचे. ट्रॅक कापताना चुकलं की मशीनलाच "माफ करना" म्हणायचे. माझ्या बोटांबद्दल त्यांचं मत होतं की ती टायपिंग करतात. पण माझा कान बरा आहे, असं ते म्हणाले होते, आणि कानाच्या बाबतीत ते कुणाचं खोटं कौतुक करत नसत.

कारण कान हीच त्यांच्या घराची इस्टेट होती. धुळ्याला त्यांच्या वडिलांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान होतं. वडील म्हणे दुकानाबाहेरून जाणाऱ्या भजनी मंडळाच्या पेटीतला बिघडलेला सूर बसल्या जागी सांगायचे. पुढे दुकान धाकट्या भावाने चालवलं आणि मास्टर ऑर्केस्ट्रात आले. कान मात्र ते घेऊन आले होते. ऑर्केस्ट्रातल्या पोरांची गिटार उतरलेली आहे, हे त्यांना पलीकडच्या खोलीतूनही कळायचं.

मग कधीतरी ते कुरकुरायला लागले. आजकालच्या मशीनमध्ये धार नाही म्हणायचे. आधी त्यांनी वायरी बदलल्या. मग अडॅप्टर. मग पेन ड्राइव्हमधले सगळे टोन काढून नवे भरले. शेवटी चांगला चालता कीबोर्ड पाचोऱ्याच्या एका ऑर्केस्ट्राला देऊन टाकला आणि नवा आणला. महिनाभर खुश होते. मग पुन्हा तेच, की याचाही आवाज कांबळ्याखालून येतो. मला म्हणाले, "मॅडम, हे कंपनीवाले पूर्वीसारखा माल बनवत नाहीत."

तुम्हाला एव्हाना कळलं असेल. आम्हाला कळलं नाही. वाजवणारा माणूस आधी वायरीवर संशय घेतो, मग मशीनवर, मग कंपनीवर. स्वतःपर्यंत यायला त्याला फार वेळ लागतो.

एका रविवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. बरोबर सुकदेव होता, त्यांच्या ऑर्केस्ट्राचा साउंडवाला, पारोळ्याकडचा. मिक्सरवर तोच बसायचा. मास्टरांनी एक ट्रॅक बनवला होता आणि त्यातली धार वाढवून हवी होती. मी लावला आणि माझे दात आंबले. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज. मी आलेख उघडला. सॉफ्टवेअरमध्ये आवाज चित्रासारखा दिसतो, डावीकडे खर्जाचा, उजवीकडे बारीक चढा. मास्टरांच्या ट्रॅकमध्ये उजवीकडे नुसता डोंगर उभा होता.

मी सरळ बोलणारी बाई. कुणाची भीड धरायची नाही, हे मी अभिमानाने सांगायचे. तसंच सांगितलं. "मास्टर, मशीन ठीक आहे. ट्रॅक ऐकवत नाही इतका तीक्ष्ण झालाय. तुमचा कान तपासून घ्या."

ते स्क्रीनकडे बघत राहिले. बोट लावून विचारलं, हा डोंगर म्हणजे काय. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा ट्रॅक लावला, मान कलती करून ऐकला, आणि पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. कानाला जे येत नव्हतं ते डोळ्यांना दिसत होतं.

"पण कार्यक्रमात तर कुणी काही बोललं नाही," ते म्हणाले आणि सुकदेवकडे वळले. "दर वेळी तुला विचारतो ना मी?"

विचारायचे. पहिलं गाणं झालं की कोपऱ्यातून हात वर करून विचारायचे, आणि सगळं ठीक आहे म्हणून सुकदेव मिक्सरवरून ओरडायचा, "बठ्ठं बराबर शे, मास्टर."

सुकदेवने मान खाली घातली. बराच वेळ त्याने लॅपटॉपची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाला, "मास्टर, तुम्ही वाढावतस, मी कमी करस. दोन वरीस व्हयनात."

म्हणजे मास्टर कोपऱ्यात धार वाढवायचे आणि सुकदेव मिक्सरवर तेवढीच काढून टाकायचा. ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. मास्टरांना वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प. प्रेमानेच केलं होतं, यात मला आजही शंका नाही.

मास्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग दोन वर्षं लोकांनी ऐकलं ते तुझं. माझं कुणी ऐकलंच नाही."

धुळ्याच्या डॉक्टरने सांगितलं की दोन्ही कानांची बारीक, चढे आवाज ऐकण्याची ताकद गेली, तीस वर्षं स्पीकरला खेटून बसण्याने, आणि गेलेलं परत येत नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं. ते लावलं की बोलणं समजायचं, पण सूर चमचा ताटलीवर आपटल्यासारखे यायचे. मास्टरांनी ते आठ दिवसांत डबीत ठेवलं आणि ऑर्केस्ट्रा सोडला. सगळी मंडळी विनवायला आली. टोन आम्ही लावू, तुम्ही नुसतं वाजवा, म्हणाली. मास्टर म्हणाले, आता तुमच्या हो म्हणण्यावर मी वाजवू कसा?

शिकवणी मात्र चालू ठेवली. चूक मला दिसते, म्हणायचे, आणि ते खरं होतं. मनगट कुठे आखडलं, अंगठा कुठे उशिरा वळला, हे ते बघूनच सांगायचे. पण एक दिवस एका मुलीची आई माझ्या क्लासमध्ये आली. सरांना ऐकू येत नाही म्हणतात, ते खरं का, विचारलं. मी खरं सांगितलं. शिकवण्यात काही फरक पडत नाही, हेही सांगितलं, पण ते ऐकायला ती थांबलीच नाही. दोन महिन्यांत पलीकडची खोली रिकामी झाली.

मास्टर धुळ्याला भावाच्या दुकानात जायला निघाले त्या दिवशी मीच होऊन त्यांना सांगितलं, की त्या मुलीच्या आईला मी सांगितलं होतं. ते कीबोर्ड कव्हरमध्ये भरत होते. चेन लावून झाल्यावर म्हणाले, "बरं केलंत. माझ्याबद्दल खरं बोलणारं एक तरी माणूस मला पाहिजे, मॅडम. तुम्ही तशाच राहा."

वर्षभराने मी नातलगांच्या लग्नाला धुळ्याला गेले, तेव्हा त्यांच्या दुकानावर गेले. अरुंद दुकान, भिंतीला लागून उघड्या पेट्या, लाकडाच्या भुशाचा वास. मास्टर भावाच्या समोर बसले होते. भाते, लाकूडकाम, खर्जाचे सूर मास्टर स्वतः बघायचे. वरच्या सप्तकाचे सूर भाऊ जुळवायचा. भाऊ सुराची पितळी पट्टी कानसेने घासायचा, भाता ओढून सूर वाजवायचा आणि म्हणायचा, "जुळला, भाई." मास्टर पेटीकडे बघतच नव्हते. ते भावाच्या तोंडाकडे बघत होते. खरं बोलतोय की मन राखतोय, हे शोधत होते.

मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मला शेजारी बसवून घेतलं. ती पेटी कुठल्याशा देवळाची होती, संध्याकाळी न्यायला येणार होते. मास्टरांनी स्वतः भाता ओढला, सगळ्यात वरचा सूर दाबून धरला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगा. जुळलाय?"

सूर चढा होता. केसभरच, पण चढा होता. समोर भाऊ हातात कानस धरून माझ्याकडे बघत होता, त्याच्या कपाळावर घाम होता. आणि मला पलीकडची रिकामी खोली आठवली. या माणसाचं माझ्या खरेपणाने किती गेलं, ते सगळं आठवलं. आज एकदा तरी याला सुखाने पेटी बंद करू दे, असं वाटलं.

"जुळलाय, मास्टर," मी म्हणाले.

त्यांनी सूर सोडला नाही. तसाच दाबून धरून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मघाशी भावाकडे बघत होते तसेच. मग भाता थांबला. सूर हळूहळू विझला. त्यांनी पेटीवर झाकण ठेवलं, पण खिट्टी लावली नाही, आणि ती माझ्यापासून अंमळ दूर सरकवली.

गेल्या उन्हाळ्यात मास्टर गेले. मी धुळ्याला गेले नाही. दुकानातलं त्या दिवशीचं त्यांचं शेवटचं बोलणंही माझ्याशी नव्हतं. भावाला म्हणाले, "पाहुण्या आल्यात. चहा सांग."