भिंतीवरची बायको

फोटो स्टुडिओत त्याला सगळे 'इस्त्री' म्हणत. कपड्यांची नव्हे हो, तोंडांची! मागच्या कोंदट खोलीत संगणकासमोर बसून तो दिवसभर लोकांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढायचा. नवरीला हनुवटी एकच ठेव, नवरदेवाचं टक्कल झाक, सासूबाईंचा दंड निम्मा कर. गिऱ्हाइकं मोबाईलमधली एखादी नटी पुढे करून म्हणायची, "हिच्यासारखं करून द्या." हा बिनबोभाट करून द्यायचा. रोज तेच केल्यानं हात असा बसला होता की गप्पा मारता मारता, चहा पिता पिता काम उरकायचं. डोकं मध्ये यायचंच नाही, आणि तिथंच तर सगळी गोम होती.

त्याची बायको बसस्थानकात तिकिटाच्या खिडकीवर होती. गोल तोंड, बसकं नाक, जबड्यापाशी लहानपणी भाजल्याचा बटणाएवढा डाग, आणि हसली की रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं हसू. त्याचा तिच्यावर फार जीव. ती दमून आली की तो तिची मान चेपून द्यायचा आणि जाता जाता त्या डागावरून अंगठा फिरवायचा. ती "चला, लाडात येऊ नका!" म्हणून त्याला ढकलायची. खोटं कशाला बोलू, दृष्ट लागावी असा संसार होता.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं दोघांचा लग्नातला फोटो मोठा करून आणला आणि बाहेरच्या खोलीत टांगला. बायको जवळ जाऊन बघू लागली.

"अहो, ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच की!"

बोलता बोलता त्याची नजर वर गेली. डाग नव्हता. नाक सरळसोट. गाल, दंड, सगळं तासलेलं. हातानं परस्पर घात केला होता आणि या गाढवाला पत्ताच नव्हता! तेवढ्यात मेहुणी आली आणि फोटोपुढे उभी राहून म्हणाली, "अगं बाई, ताई! काय दिसायचीस गं तेव्हा!" बिचारीच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण बायको हसली नाही. त्यानं फोटो उतरवायला हात घातला, तर म्हणाली, "राहू द्या. छान आहे."

तिथून घराची रयाच गेली. न्हाणीघरात ट्यूबा आणि बाटल्यांची रांग लागली. ती जेवण टाळायला लागली. बघावं तेव्हा मोबाईलमध्ये तोंड घालून, त्या चकचकीत गालांच्या बाया काय सांगतात ते ऐकत बसायची. तिकिटाच्या खिडकीवर तोंडाला रुमाल बांधून बसू लागली. तो मान चेपायला गेला की "आधी दिवा घालवा," आणि अंधारातही चेहरा भिंतीकडे. अंगठा डागाकडे वळला की मनगट धरायची. "नको," एवढंच. राग नाही, ढकलणं नाही. त्या 'नको'ची त्याला धास्तीच बसली.

शेवटी त्यानं स्टुडिओतून मूळ फोटो हुडकून, जसाच्या तसा छापून आणला. डागासकट, नाकासकट.

"हे बघ, तू अशीच होतीस. अशीच मला आवडलीस. भिंतीवरचं ते माझ्या हाताचं पाप आहे."

तिनं दोन्ही फोटो शेजारी धरले. डागावर नख घासून पाहिलं.

"तेव्हा डाग एवढा नव्हता. नाकही असं नव्हतं. हे तुम्ही केलंत."

"अगं, शपथ घेऊन सांगतो..."

"काढता येतं, तर घालताही येत असेल की. माझं मन राखायला केलंत. कळतं मला."

अगदी समजुतीनं म्हणाली हो, आणि तेच भयंकर होतं. त्याच्या शब्दावर कुणीही विश्वास ठेवला असता, पण त्याच्या फोटोवर कोण ठेवणार?

रविवारी दुपारी तिनं आतून हाक मारली. आरशापुढे बसली होती, दार-खिडक्या उघड्या, आणि कितीतरी महिन्यांनी सगळं पुसून त्याच्याकडे तोंड केलेलं. गाल लालबुंद, जागोजागी सोललेले. त्याला रडूच कोसळलं.

"उद्या डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "नाक, हनुवटी, डाग, सगळं एकदमच. कसं हवं ते सांगा म्हणाले. मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही खुणा करून द्या." तिनं भुवयांची पेन्सिल पुढे केली.

"डोकं फिरलंय का तुझं? मला तू आहेस तशीच हवीस!"

"मग हात कसा फिरला?"

त्यानं पेन्सिलीसकट तिचा हात बाजूला सारला.

"बरं, पेन्सिल राहू दे. कुठं कुठं काढलंत, तेवढं नुसतं दाखवा." आणि त्याचा हात धरून तिनं आपल्या गालावर ठेवला.

तो चेहरा पुन्हा त्याच्या हातात आला होता! कोमट, ओळखीचा, आणि ती मागे सरत नव्हती. त्याला फक्त कुरवाळायचं होतं, देवाशपथ एवढंच. पण बोटं नाकाच्या कडेनं उतरली, जिवणीपाशी वळली, जबड्यावरून थेट हनुवटीपर्यंत गेली. एकदाही अडखळली नाहीत. आरशात बघत ती बोटामागोमाग पेन्सिल ओढत गेली.

हात काढायला हवा होता. त्याला कळत होतं. पण हात काढला, तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार, हेही कळत होतं. त्यानं हात तिथंच ठेवला.