हंड्यातलं चांगलं पाणी
चिंचेने तांब्याचा हंडा घासताना जो आंबट वास सुटतो, त्याने मला अंबडजवळच्या आमच्या जुन्या घरातली एक सकाळ आठवते. पाण्यात धातू मिसळले की माशांच्या अंड्यांतल्या पिल्लांचं काय होतं, हे माझी मुलगी कॉलेजात तपासत होती. त्यातली थोडी चांगली अंडी तिने हौसेने घरी काचेच्या वाडग्यात ठेवली होती. त्या सकाळी भिंगातून बघता बघता तिने वाडगा उजेडाकडे ओढला. बरीच अंडी पांढरी पडली होती आणि जिवंत पिल्लांच्या शेपट्या वाकल्या होत्या. "पाणी कोणी बदललं?" तिने विचारलं. "मी," माझे वडील खुशीत म्हणाले. "नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो. रात्रभर हंड्यात ठेवलेलं घातलं, आपण पितो तेच." मी काही बोलणार, तोच तिने मला डोळ्यांनी थांबवलं. "आजोबा, ही फार लहान आहेत हो. आपल्याला चालतं तेवढं तांबं यांना सोसत नाही." वडिलांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या हातून मेली की गं." "सगळी नाही, हे बघा ना," म्हणत तिने भिंग त्यांच्या हाती दिलं. काचेसारख्या पिल्लात टाचणीच्या टोकाएवढं हृदय उडत होतं. "वाकडं आहे, पण चालू आहे," वडील हळूच म्हणाले. तेवढं एकच पिल्लू पुढे जगलं. त्याला एकाच बाजूला वळता यायचं, म्हणून वडील खाणं त्याच बाजूला टाकायचे. मुलगी त्या दिवशी रागावली असती, तर ते पुन्हा त्या वाडग्याजवळ गेलेच नसते, असं मला आज वाटतं.