बिब्बा उतला तेव्हा

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पायात बाभळीचा काटा मोडला. आमच्या वडीगोद्रीकडं काट्यावर इलाज एकच : बिब्बा तापवायचा अन् त्याच्या तेलाचा चटका द्यायचा. अण्णांनी दिला. बिब्बा उतला, कातडं फोडांनी भरलं. त्यात साखरेचं दुखणं जुनं. पाय घोट्यापर्यंत टरारून सुजला. अंबडच्या डॉक्टरांनी जालन्याला पाठवलं अन् मी औरंगाबादहून धावत आल्तो.

मी तिकडं काय करत होतो, तर दाह उठला की पेशी कशा मरतात याचा अभ्यास. नशिबाला थट्टा करायला आमचंच घर सापडलं.

जालन्याच्या डॉक्टरांनी पायावर चढलेल्या लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढली. सकाळपर्यंत लाली रेघेच्या वर चढली तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, म्हणाले.

माझा पाय एका जागी ठरेना. दाराशी जायचं, परत यायचं, रेघ बघायची.

"बस की खाली," अण्णा वैतागले. "आत्ता पाणी दिलं अन् लगेच ऊस वाढला का बघून राह्यलास?"

बसलो. मंग त्यांनीच विचारलं, "आत काय चाललंय? तुला तर बराबर ठावं असंल."

सांगितलं. जंतू शिरले की पेशीतलं एक प्रथिन जागं होतं. ते निरोप्या प्रथिनांना कापून मोकळं सोडतं आणि पेशी आपणहून फुटते. जंतूंना राहायला जागा उरत न्हाई, शेजारच्या पेशी सावध होतात. या फुटण्याला आवर घालणारी प्रथिनंही असतात. त्यांचा आवर सुटला, की चांगल्या पेशीही जातात.

"म्हणजे फड पेटला की आपण पुढचा उभा ऊस तोडून पट्टा मोकळा करतो, तसं."

"बिलकुल तसं."

"अन् तोडणारे थांबलेच न्हाईत तर?"

"तर सगळा फड जातो, अण्णा."

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "मंग माझ्यात थांबवणारं हाय का कुणी?"

त्या प्रथिनांची नावं मला तोंडपाठ होती. या पायात त्यांचं काय चाललंय, ते मला कुठं माहीत होतं? माझ्या शिक्षणाचा मला संताप आला.

"असणार की," म्हणालो.

सकाळी चहा घेऊन आलो तर अण्णांनी धोतराचा सोगा ओढून पाय गुडघ्यापर्यंत झाकला होता. सोगा सारून रेघ बघायला मी हात पुढं केला.

त्यांनी माझं मनगट धरलं. "रेघ मी बघितलीय. आधी चहा घे," म्हणाले. "मंग डॉक्टरला बोलव."